आमची वाटचाल: डीव्हीडीच्या खाचेतून उभं राहिलेलं दुकान

सोलापूरच्या नवी पेठेत दुकान टाकलं तेव्हा बोर्डावर ‘कॉम्प्युटर विक्री व दुरुस्ती’ असं रंगवलं होतं. विक्री फारशी कधी झालीच नाही. नवा लॅपटॉप घ्यायला माणूस पुण्याला जायचा आणि बिघडला की आमच्याकडे यायचा. विंडोज सेव्हनचा जमाना होता. जवळपास प्रत्येक लॅपटॉपच्या कडेला डीव्हीडी ड्राइव्ह असायचा आणि सोलापुरात त्याचं आयुष्य कमीच. उन्हाळ्यात पारा 42 च्या पुढे, वर धूळ. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून मशीन आलं तर सुताचं तूस थेट लेन्सपर्यंत पोचलेलं. डिस्क आत गरगरायची, वाचायची मात्र काही नाही.

खरं सांगायचं तर हा ड्राइव्ह बदलणं लॅपटॉपमधलं सगळ्यात सोपं काम. चार्जर आणि बॅटरी काढायची, बहुतेक मॉडेलांत खालचा एकच स्क्रू सोडायचा, ड्राइव्ह कडेनं अलगद बाहेर सरकतो. गोम पुढे आहे. जाडी दोन मापांची, 12.7 मिमी आणि 9.5 मिमी. जोडणी जुन्यांना आयडीई, नंतरच्यांना साटा. एवढं जुळलं की सहसा कंपनी कुठलीही चालते. मात्र पुढची प्लास्टिकची पट्टी आणि मागचा इवलासा पत्रा जुन्यावरून काढून नव्याला बसवायचा. पट्टीच्या खाचा घाईत तुटतात आणि तीच पट्टी पुन्हा मिळवायची म्हणजे महिनाभर वाट. सीडी आत अडकली असेल तर ट्रेवरच्या बारीक भोकात सरळ केलेली यू-पिन घालून दाबलं की ट्रे सुटतो. त्याचे पैसे आम्ही कधी घेतले नाहीत. आमची जाहिरात तीच.

पुढे पेनड्राइव्ह स्वस्त झाले आणि ड्राइव्ह बदलायला कुणी येईना. पण खाच तर तिथंच होती. त्या मापाची कॅडी, म्हणजे ड्राइव्हच्या जागी सरकवायची चौकट, मिळू लागली, तिच्यात अडीच इंची हार्ड डिस्क बसते. मग हार्ड डिस्कच्या मूळ जागी एसएसडी, म्हणजे चिपवर चालणारी वेगवान डिस्क, आणि जुनी डिस्क कॅडीत, असं काम सुरू झालं. काहीजण एसएसडीच कॅडीत टाकून द्यायचे. काही मॉडेलांत डीव्हीडीच्या जागेचा साटा मूळ जागेपेक्षा मंद असतो, म्हणून आम्हाला ते पटत नव्हतं. सुरू व्हायला पाच मिनिटं घेणारं मशीन चहा संपायच्या आत चालू झालेलं बघून गिऱ्हाईक शेजाऱ्याला घेऊन यायचं.

चादरीच्या एका कारखानदारांचं मशीन अजून आठवतं. हार्ड डिस्क टक्-टक् वाजत होती आणि जकार्डची सगळी डिझाइनं त्यातच. ते म्हणाले, “मालक, लॅपटॉप गेला तर जाऊ द्या की ओ, डिझाइनं तेवढी राहिली पाहिजेत.” वाजणाऱ्या डिस्कवर विंडोज पुन्हा पुन्हा चालवायची नसते, ती आणखी खराब होते. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली आणि आधी डिझाइनांचं फोल्डर उचललं, बाकीचं नंतर. गाणी गेली, डिझाइनं वाचली. आजही त्या कारखान्याच्या ऑफिसमधली सगळी मशीनं आमच्याकडेच असतात.

गिऱ्हाईकानं नव्या डिस्कवर स्वतःच्या फायली स्वतः उघडून बघेपर्यंत जुनीला हात लावायचा नाही, आणि नंतर ती त्याच्याच हातात द्यायची. भंगारात द्यायची की कपाटात ठेवायची, ते त्यानं ठरवावं. यावर मुलांशी आमचे वाद होतात, वेळ जातो म्हणून. जाऊ दे वेळ.

आता नव्या लॅपटॉपला डीव्हीडीची खाचच नाही. एसएसडी च्युइंगगमच्या पट्टीएवढी, काही मशीनांत तर बोर्डालाच चिकटवलेली. तिथं आमचा स्क्रूड्रायव्हर चालत नाही. विंडोज टेनचा सपोर्ट, म्हणजे नेहमीचे सुरक्षेचे अपडेट, 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि आम्हीच एसएसडी टाकून दिलेली कित्येक मशीनं विंडोज इलेव्हनच्या अटीत बसत नाहीत. त्यांच्या मालकांना आम्ही स्पष्ट सांगतो, यावर आता बँकेचे व्यवहार करू नका.

दुकानातले काढून ठेवलेले जुने डीव्हीडी ड्राइव्ह मात्र पुन्हा कामाला लागलेत. यूएसबी केसमध्ये घालून त्यांच्यावर लोकांच्या लग्नाच्या डीव्हीडी पेनड्राइव्हवर उतरवून देतो, लग्नसराईत त्याला बरीच मागणी असते. लॅपटॉप आणत असाल तर चार्जर सोबत आणा आणि पासवर्ड आठवून या, आमचा निम्मा वेळ त्यातच जातो.