टाके पोटावर नाहीत, पोटात

"टाके कुठे पडलेत, दाखव बघू." हॉस्पिटलातून नौपाड्यात घरी आल्या आल्या आईने विचारलं. मी शर्ट वर केला. पोटावर साधा ओरखडाही नाही. "मग ऑपरेशन केलं कुठनं?" "तोंडातून," म्हटलं, तर मी चेष्टा करतोय असं वाटून ती देवघरात निघून गेली.

रक्त कमी का, हे शोधायला एंडोस्कोपी केली, म्हणजे तोंडातून जठरात दुर्बीण सोडली, तेव्हा जठराच्या भिंतीत दीडेक सेंटीमीटरची गाठ सापडली होती. ती वरच्या अस्तरात नव्हती, खालच्या स्नायूच्या थरात होती. म्हणजे काढायची तर जठराला आरपार भोक पडणारच. ते भोकही आतूनच धातूच्या क्लिपांनी मिटवलं. एका टोकाला सुरुवात करायची आणि दोन्ही कडा चिमटीत धरत पुढे सरकायचं. करंजीला मुरड घालतात ना, तसं, असं मी शेवटी आईला समजावलं. मला सात क्लिपा लागल्या.

पहिला दिवस सलाईनवर, मग चमच्याने पाणी, मग पेज. ते दिवस सोपे गेले. अवघड झालं घरी आल्यावर. शेजारच्या वहिनींचं पित्ताशय दुर्बिणीने काढलं तेव्हा पोटावर चार छिद्रं होती. त्यांना महिनाभर कुणी बादली उचलू दिली नाही. मला सहाव्या दिवशी गॅसचा सिलिंडर सरकवायला सांगितलं! दिसत नाही ती जखम नाहीच, असा सगळ्यांचा हिशेब. खरं सांगायचं तर माझाही.

बाहेरची जखम कोरडी ठेवता येते. ही मात्र दिवसरात्र आम्लात. म्हणून जेवणाआधी अर्धा तास आम्ल कमी करणारी गोळी, आठ आठवडे, न चुकता. डोकं दुखलं तरी मनाने पेनकिलर घ्यायची नाही, कारण त्यातल्या बऱ्याच जठराला ओरबाडतात. जेवायला मऊ भात, वरणाचं पाणी, दुधीची बिनतिखटाची भाजी. तहसील कचेरीजवळून जाताना मिसळीच्या तर्रीचा वास आला की रिक्षावाल्याला म्हणायचो, "दादा, जरा जोरात घ्या."

बाराव्या दिवशी शौचाला काळं झालं. आतून रक्त गेलं की शौच काळी होते, एवढं वाचलेलं. घाम फुटला. डॉक्टरांना फोन लावला. "डांबरासारखी चिकट आहे? घाण वास? चक्कर?" यातलं काहीच नव्हतं. "लोहाची गोळी कधी सुरू केली?" परवापासून. त्या गोळीने शौच काळी पडते, हे चिठ्ठी देताना कुणी सांगितलं असतं तर माझी ती सकाळ वाचली असती. तरी त्यांनी रक्त तपासून घेतलंच. हिमोग्लोबिन उतरलं नव्हतं.

क्लिपा काढाव्या लागत नाहीत. जखम भरत आली की त्या सुटतात आणि शौचावाटे निघून जातात, आपल्याला कळतही नाही. पाचव्या आठवड्यात एक्स-रे काढला तेव्हा तीन उरल्या होत्या. दोन महिन्यांनी दुर्बिणीतून पाहिलं तर एक फिकट रेघ आणि तिच्या टोकाला शेवटची क्लिप लोंबकळतेय. माझ्या क्लिपा एमआरआयला चालणाऱ्या नाहीत. त्या एकीपायी गुडघ्याचा एमआरआय अजून रखडलाय.

रिपोर्टमधला फोटो आईला दाखवला. चष्मा लावून तिने तो बराच वेळ न्याहाळला.

"मुरड बरी घातलीय," म्हणाली.