थँक्सगिव्हिंगचं टेबल आणि दहा फुटी गोल कापड

भाड्याने टेबलक्लॉथ आणायचा विचार असेल तर हे आधी वाचा. नंतर वाचून उपयोग नसतो, हे मी स्वानुभवाने सांगतो.

यंदा थँक्सगिव्हिंगच्या सणाला आमच्याकडे बारा माणसं होती. आम्ही चौघं, एडिसन गावात राहणारे काका-काकू, बायकोची मैत्रीण, तिचा नवरा, त्यांची दोन मुलं आणि शेजारचे अमेरिकन आजी-आजोबा. टर्की आजी-आजोबा घरून भाजून आणणार, बाकी सगळं बायको करणार. माझ्या वाटेला टेबल आलं. "तेवढं तरी कर," असं म्हणून आलं.

आठ फुटी घडीचं टेबल मित्राच्या गॅरेजमधून उचलून आणलं. माणशी दोन फूट धरले की एका बाजूला चार, दोन टोकांना एकेक, असे दहा जण बसतात. धाकट्या दोघांना पत्ते खेळायचं छोटं टेबल दिलं. इथवर काही अडलं नाही.

कापड खरं तर विकतच घेणार होतो. पण मला मोकळा वार एकच, रविवार, आणि आम्ही राहतो न्यू जर्सीच्या बर्गन काउंटीत. इथे जुने 'ब्लू लॉ' अजून चालू आहेत. रविवारी किराणा मिळतो, औषधं मिळतात, पण कपडे, फर्निचर, घरसामान विकायला बंदी. इथल्या पॅरामस गावचे मॉल त्या दिवशी चिडीचूप. इतकी वर्षं इथे राहूनही मी हे विसरतो आणि रिकाम्या पार्किंगमध्ये जाऊन उभा राहतो. म्हणून भाड्याचं ठरवलं. कापड ऑनलाइन विकतही मिळतं हे मला तेव्हा सुचलं नाही. बायकोने ते नंतर बऱ्याचदा सुचवलं.

तर तो भाड्याच्या दुकानाचा फॉर्म. तीन आठवडे आधी भरला. लांबी ९६ इंच, रुंदी ३० इंच, रंग विटकरी, बुधवारी दुपारी नेणार. डिपॉझिट भरलं, ईमेल आला, मी निर्धास्त. फॉर्मच्या अगदी वर 'आकार' नावाचा एक रकाना होता, त्यात आधीपासूनच 'गोल' भरलेलं होतं आणि ते आपण बदलायचं होतं, हे मला बुधवारी काउंटरवर कळलं.

काउंटरवर पोचायलाच पावणेदोन तास लागले. थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी अख्ख्या गावाला खुर्च्या हव्या असतात. रांग दाराबाहेर, बाहेर बोचरा वारा, आणि आत एकच मुलगा. तो प्रत्येक गिऱ्हाइकाचा कागद शोधायला मागे जायचा आणि दर वेळी गोदामात राहायला गेल्यासारखा गायब व्हायचा. माझ्यापुढच्या बाईंच्या चाळीस खुर्च्यांपैकी छत्तीसच निघाल्या. त्या चार खुर्च्यांवर वीस मिनिटं गेली. शेवटी माझं पुडकं आलं. वर चिठ्ठी : १२० इंच, गोल.

मी म्हटलं, "माझं टेबल लांबट आहे." तो म्हणाला, "फॉर्मवर गोल आहे." मी म्हटलं, "त्याच फॉर्मवर ९६ बाय ३० लिहिलंय. असं गोल टेबल तुम्ही कधी पाहिलंय का?" त्याने स्क्रीनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, "ती माहितीसाठीची जागा आहे. कापड आकारावरून निघतं." लांबट कापडं सगळी गेलेली. पैसे परत? आदल्या दिवशी रद्द केलं तर नाही. मॅनेजर? सोमवारी येतील. माझ्यामागे तीसेक माणसं घड्याळं बघत उभी होती. घेतलं पुडकं.

घरी येऊन घालून पाहिलं, कारण पैसे मोजले होते. दोन्ही टोकांना कापड जेमतेम फूटभर लोंबत होतं आणि मधोमध दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा इंच जमिनीवर लोळत होतं. टेबलाला परकर नेसवल्यासारखं. धाकटा त्यात शिरला तो टेबलाचा एक पाय ओढतच बाहेर आला. काढून टाकलं.

संध्याकाळी दुकानात गेलो तर ६० बाय ८४ तेवढं उरलेलं, म्हणजे आठ फुटी टेबलाला फूटभर तोकडं. लिहून ठेवा : या टेबलाला ६० बाय १२० घ्यावं, चारी बाजूंना फूट-सव्वा फूट पडतं आणि मांडीत अडकत नाही. जमिनीपर्यंत हवं असेल तर ९० बाय १५६. हे आकडे आता मला झोपेतही पाठ आहेत.

मार्ग सापडला तो हार्डवेअरच्या दुकानात, रंगाच्या डब्यांशेजारी. तपकिरी कागदाचं भेंडोळं, ३६ इंच रुंद. अंथरलं, दोन्हीकडचे तीन-तीन इंच खाली मुडपून चिकटपट्टी लावली. मुलांनी मार्करने प्रत्येकाच्या जागेवर नाव लिहिलं आणि शेजारी पंजा टेकवून त्याची टर्की काढली. अंगठा म्हणजे तिची मान, बोटं म्हणजे पिसारा. नावांच्या वेगळ्या चिठ्ठ्या लागल्याच नाहीत. मार्कर खाली झिरपतो, तेव्हा लिहिताना खाली रद्दी घाला. मित्राच्या टेबलावर 'आजोबा' अजून उमटलेले आहेत.

पण नुसता तपकिरी कागद दुकानातल्या पार्सलसारखा दिसत होता. मग बायकोच्या कपाटातली ती पिशवी काढली, प्रत्येक मराठी घरात असते ती, हळदीकुंकवात मिळालेल्या ब्लाउजपीसांची. तीन खणाचे पीस निवडले, उभ्या घड्या घालून टेबलाच्या मधोमध शेपटाला शेपूट लावून ठेवले. जांभळा, मोरपंखी, विटकरी. पाऊणेक मीटरचा एक, तिघांत आठ फूट जवळपास पुरले.

त्यावर हॅलोविननंतर स्वस्त झालेले छोटे पांढरे भोपळे, शेवंती आणि ओकची पानं. मेपलची पानं घेऊ नका. नोव्हेंबर संपेपर्यंत ती गळून गेलेली असतात, आणि घरात आणलेलं पान रात्रीत पापडासारखं आकसतं. ओकची चिवट राहतात. फुलं कोपराएवढी उंच नकोत, समोरचा माणूस दिसला पाहिजे. मेणबत्त्या बिनवासाच्या आणा. आमच्या पहिल्या थँक्सगिव्हिंगला मसालेभाताला व्हॅनिलाचा वास होता. लागतात मात्र नक्की, इथे तेव्हा साडेचारलाच अंधारतं. काटा डावीकडे, सुरी उजवीकडे, धार ताटाकडे. आपली डावी-उजवी बाजू ताटात असते, यांची ताटाबाहेर.

आणि हो, हा सण नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी असतो, शेवटच्या नव्हे. १९४१ च्या कायद्याने तसं ठरलंय. पाच गुरुवार आले की कोणीतरी फसतंच. भाड्याचं कापड धुऊन परत करू नका, झटकून, कोरडं द्या. माझ्या कापडावर तर ताटसुद्धा ठेवलं नव्हतं, तरी डिपॉझिट यायला अकरा दिवस लागले.

शेजारच्या आजींनी त्या खणांचे तीन फोटो काढले. मी जरा फुशारलो. तेवढ्यात क्रॅनबेरी सॉस वाढून घेता घेता काकूंनी मोरपंखी खणाचा काठ चिमटीत धरला.

"हा मी दिलेला ना गं? संक्रांतीला?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. "नाही हो काकू, तो वेगळा," मी म्हणालो.

काकूंनी कोपरा उलटला. आत पिवळ्या दोऱ्याचा बारीकसा टाका होता.

"मी घालते टाका," त्या म्हणाल्या, "फिरत फिरत परत माझ्याकडेच आला तर कळावं म्हणून."