तुम्ही विचारलंत म्हणून: बाई त्याच, शाळा दोन

"आधीच्या शाळेत तुमच्या तासाला मुलं जांभया द्यायची म्हणे! मग इथे येऊन असं काय केलंत?" नवे शिक्षक मला हे हमखास विचारतात. काही केलं असतं तर मिरवलं असतं. गणित तेच होतं आणि माझा किंचित चिरका आवाजही तोच.

आधीचे मुख्याध्यापक वर्गावर यायचे ते हातात तक्ता घेऊन. मागच्या बाकावर बसून पंधरा मिनिटांत रकाने भरायचे: फळा स्वच्छ, टाचण पूर्ण, शिस्त बरी. ते येणार असल्याची कुणकुण लागली की मी शिकवून झालेलाच पाठ पुन्हा घ्यायचे. मुलांनाही ते नाटक पाठ होतं, भराभर हात वर व्हायचे. मला खरोखर जमत नव्हता तो अपूर्णांकांचा भागाकार. 'उलटा करा आणि गुणा' एवढंच सांगायचे. उलटा का, हे मलाच धड कळलेलं नव्हतं. सहा वर्षं हे कुणाला बोलले नाही. स्टाफरूममधली कबुली चहा निवायच्या आत केबिनमध्ये पोचायची.

दुसऱ्या शाळेत मुख्याध्यापिकेने पहिल्याच महिन्यात आम्हाला स्वतःच्या तासाला बसवलं. तास साफ फसला. सुटल्यावर त्यांनीच विचारलं, "कुठे निसटला हो?" त्या संध्याकाळी मी भागाकाराचं बोलून टाकलं. एक सहकारी म्हणाले, "एका लिटरात पाव लिटर चार वेळा मावतं ना? मग पाऊण लिटरात चाराच्या पाऊणपट, म्हणजे तीनदा. उलटा केलेला चार तो हाच." सहा वर्षांचं ओझं दोन मिनिटांत उतरलं. (रागही आला, पण तो कुणावर काढणार?)

नुसता गोडवा होता असं समजू नका. गोड बोलणारे, पण वर्गात कधीच न डोकावणारे मुख्याध्यापकही मी पाहिलेत. तिथे कुणी काही शिकत नाही. या बाईंनी गणिताच्या आम्हा चौघांना आठवड्यातून एक ऑफ तास एकाच वेळी दिला. वेळापत्रक ज्याने लावलंय त्याला विचारा हे किती अवघड असतं! त्यासाठी दोन वर्ग त्या स्वतः सांभाळायच्या.

हे फक्त माझ्याच नशिबाचं नाही. मॅथ्यू क्राफ्ट आणि जॉन पॅपे यांनी 2014 मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनातल्या शिक्षकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कामाचं वातावरण चांगलं असलेल्या शाळांमधल्या शिक्षकांची दहा वर्षांतली प्रगती, कमकुवत वातावरणातल्या शिक्षकांपेक्षा 38 टक्के जास्त भरली. त्याआधी 2008 मध्ये विवियन रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांनी शाळाप्रमुखांच्या कामाचे पाच पैलू तपासले होते. मुलांच्या शिकण्यावर सर्वांत मोठा परिणाम दिसला तो शिक्षकांच्या शिकण्याला चालना देऊन त्यात स्वतःही सामील होण्याचा.

आता मी पर्यवेक्षक आहे. तो तक्ता मलाही भरून वर पाठवावा लागतो, त्यामुळे आधीच्या सरांवरचा राग थोडा निवळलाय. फक्त मी तो वर्गात उघडत नाही. तास झाल्यावर त्या शिक्षकाशेजारी बसते आणि पहिला रकाना त्यालाच भरायला सांगते. गेल्या आठवड्यात एकाने लिहिलं: "आज मलाच कळलं नव्हतं."