ब्लूमबर्ग सापडलं, आणि आता क्लेम्झिगने झोप उडवलीय

सासूबाईंच्या बायबलमधली दुसरी ओळ सुटली एकदाची!! दोन वर्षं जिथे अडकले होते ते काल रात्री पाऊण तासात मोकळं झालं, हात अजून थरथरतायत, ओट्यावरची भांडी तशीच ठेवून आधी हे लिहायला बसलेय.

नवऱ्याच्या जर्मन घराण्याचं मूळ मी ज्या बायबलवरून शोधतेय ते बहुतेकांना आठवत असेल. पितळी कडीचं, आणि मागच्या कोऱ्या पानावर कुरेंटमध्ये, म्हणजे जुन्या जर्मन हस्तलिपीत, चार मुलांच्या जन्माच्या चार ओळी. १८४६ क्लेम्झिग, १८५० ब्लूमबर्ग, १८५३ परत ब्लूमबर्ग, १८५८ टनुंडा. टनुंडा म्हणजे इथलंच, साउथ ऑस्ट्रेलियातल्या बरोसा व्हॅलीतलं. म्हणून मी सरळ हिशोब मांडला होता की पहिली तीन मुलं प्रशियात झाली, १८५३ ते ५८ मध्ये कधीतरी मूळपुरुष बायकोमुलांना घेऊन जहाजात बसला आणि चौथं इथे झालं. हॅम्बुर्गच्या प्रवासी याद्या १८५० पासूनच्या आहेत त्यामुळे सापडायलाच हवा, असं धरून त्या याद्या वर्षावर्षाने पिंजून काढल्या. नाही म्हणजे नाहीच. मग बर्लिनजवळचं ब्लूमबर्ग, मग दक्षिणेला बाडेनमधलं, मायर्सच्या १९१२ च्या गॅझेटिअरमध्ये (जर्मन गावांच्या कोशात) तर या नावाची किती गावं निघतात बघा एकदा. जर्मनीतल्या एका संशोधकाला पैसे देऊन चर्चची रजिस्टरं बघायला लावली, त्याने प्रामाणिकपणे चार महिने बघून काही नाही म्हणून कळवलं. आणि वंशावळींच्या त्या महागड्या साइटवर नऊ जणांनी आमच्या माणसाला बाडेनच्या ब्लूमबर्गमध्ये जन्माला घालून ठेवलंय, सगळ्यांनी एकमेकांचं उचललेलं, पुरावा एकाकडेही नाही. त्या साइटच्या सूचना मी आता कायमच्या बंद केल्यात, तुम्हीही करा.

आता काल काय झालं ते.

ट्रोव्हवर, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या जुन्या पेपरांच्या साइटवर, संगणकाने चुकीच्या वाचलेल्या दहा-पंधरा ओळी मी रोज झोपायच्या आधी दुरुस्त करते, माझी जपमाळच आहे ती. सध्या ऑस्ट्रालिशे त्साइटुंग धरलाय, अॅडलेडचा जर्मन पेपर, १८७५ पासूनचा. सगळा फ्राक्टुरमध्ये, म्हणजे जुन्या जर्मन छपाईच्या वळणदार अक्षरांत, आणि त्यासमोर ओसीआर (छापील अक्षरं वाचणारं सॉफ्टवेअर) हात टेकतो. लांब एस असतो त्याला तो एफ समजतो, छोट्या केचा टी करतो, बी आणि व्हीचा गोंधळ वेगळाच. हे सगळं मला माहीत होतं आणि हे फरक धरून शोधून झालं होतं. पण काल एका शोकसंदेशात भलत्याच कुणाचं नाव दुरुस्त करताना लक्षात आलं की फ्राक्टुरचा मोठा के आणि मोठा आर यांच्यात फक्त डाव्या बाजूच्या एका वळणाचा फरक आहे, शाई जरा फुटली की दोन्ही सारखेच. आमचं आडनाव केवरून! मी ते आरने टाइप केलं आणि अकरा निकाल आले. अकरा!! दोन वर्षांत एक येत नव्हता. खुर्चीतून उठून नवऱ्याला झोपेतून उठवलं, तो बिचारा डोळे चोळत येऊन बसला शेजारी.

त्यातला तिसरा निकाल १८७६ मधल्या लग्नाचा होता. तिसऱ्या ओळीतली मुलगी, बापाचं नाव जुळतंय, गाव जुळतंय, आणि मुख्य म्हणजे नवऱ्याचं आडनाव. मुली लग्नानंतर कागदावरून गायब होतात हे आपल्या सगळ्यांचं दुखणं आहे, माझ्या बाबांनी आमच्या कुलवृत्तांताचं काम केलं तेव्हाही हेच, मुलींच्या नावापुढे माहेरचं गाव आणि एक रेघ. इथे ती रेघ पुढे सरकली. सासरचं आडनाव टाकून शोधलं तर पुढच्या पाच मिनिटांत माउंट बार्कर कुरिअरमध्ये १९२६ चा तिचा मृत्युलेख. सहा ओळींचा. त्यात लिहिलंय की बाईंचा जन्म बर्डवुडचा.

मी आधी वैतागलेच. म्हटलं ही दुसरीच कुणीतरी निघाली, आपल्या मुलीचा जन्म ब्लूमबर्गचा. टॅब बंद करणार होते. मग डोक्यात आलं की १९२६ चा पेपर आहे, १९२६ चा माणूस लिहितोय, तो गावाला त्याच्या काळातल्या नावाने हाक मारणार. बर्डवुड आधी काय होतं?

ब्लूमबर्ग.

पहिल्या महायुद्धात साउथ ऑस्ट्रेलियाच्या सरकारने १९१७ मध्ये कायदा करून जर्मन गावांची नावं बदलली, ६९ नावं. हाह्नडॉर्फचं अॅम्बलसाइड, लोबेथालचं ट्वीडव्हेल, पीटर्सबर्गचं पीटरबरो. हा कायदा मला माहीत होता हो, हाह्नडॉर्फची गोष्ट इथे प्रत्येकाला माहीत असते. पण १९३५ मध्ये काही गावांना जुनी नावं परत मिळाली आणि ब्लूमबर्ग बर्डवुडच राहिलं, म्हणून ते नाव आज कुणाच्या तोंडी नाही. आणि मी त्या गावात गेलेय! तिथल्या जुन्या गिरणीत मोटर म्युझियम आहे, धाकट्याच्या वाढदिवसाला आम्ही दिवसभर तिथे होतो. घरापासून तासाभरावर. त्या दिवशी गाडीत परत येताना मी फोनवर बाडेनच्या रजिस्टरांबद्दल मेल लिहीत होते.

आणखी एक, हे वाचून माझ्या अंगावर काटा आला. ज्याच्या नावावरून गावाचं बर्डवुड झालं तो जनरल विल्यम बर्डवुड, गॅलिपोलीवाला, त्याचा जन्म १८६५ चा, खडकीचा. आपल्या पुण्याच्या खडकीचा! माझं माहेर औंध रोडला. रात्री दीड वाजता बाबांना फोन लावला, तिकडे रात्रीचे साडेनऊ-दहा वाजले असतील, ते म्हणाले थांब, आधी नीट कागद दाखव मग बोलू. बरोबर आहे त्यांचं. कागद पाठवलेत.

सकाळी सासूबाईंना सांगितलं तर त्या बराच वेळ बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, आमचे आजोबा घरात त्या गावाला वेगळंच काहीतरी म्हणायचे, बाहेर गेलं की बर्डवुड. आम्हाला वाटायचं ते शेताचं नाव असेल. १९१७ मध्येच इथल्या ४९ लुथरन शाळा सरकारने बंद केल्या होत्या, आजोबांनी मुलांना जर्मन शिकवलंच नाही, आणि त्यांच्याबरोबर शेवटचा धागाही गेला. दोन वर्षं मी ज्यांना विचारायला हवं होतं त्या माझ्या स्वयंपाकघरात चहा घेत होत्या. विचारलं ते फक्त माणसांबद्दल, गावाबद्दल एकदाही नाही.

म्हणजे आता चित्र असं. मुलगी १८५३ मध्ये इथे जन्मली, तिच्या आधीचा मुलगा १८५० चा तोही इथलाच, म्हणजे कुटुंब त्याच्याही आधी आलं, आणि हॅम्बुर्गच्या याद्या सुरूच १८५० ला होतात. सापडणार कुठून! ब्रेमेनच्या याद्या तर बहुतेक नष्टच झाल्यात. तेव्हा प्लॅन असा ठरवला होता की साउथ ऑस्ट्रेलियन रजिस्टर या पेपरमधली १८४६ ते ५० ची जहाजांच्या आगमनाची सदरं ओळीने वाचायची, त्यात कधी पूर्ण नावं असतात तर कधी नुसतं बायको आणि मुलं एवढंच.

ठरवला होता म्हणतेय कारण हे टाइप करता करता पहिल्या ओळीने मला धरलंय.

क्लेम्झिग १८४६. मी ते प्रशियातलं धरून चाललेय, आजच्या पोलंडमधलं, पास्टर काव्हेलची लुथरन मंडळी जिथून आली ते. राजाने लादलेली चर्चची नवी उपासना नको म्हणून ते लोक निघाले, अँगस नावाच्या इंग्रज उद्योजकाने पैसे दिले, १८३८ मध्ये इथे उतरले आणि टॉरेन्स नदीकाठी पहिलं गाव वसवलं, त्याला नाव दिलं क्लेम्झिग. जमीन मूळची काउर्ना या आदिवासी लोकांची होती, बर्डवुडची पेरामांक लोकांची, मृत्युलेखात बाईंच्या घराण्याला पहिले रहिवासी म्हटलंय ते मी वंशावळीत तसं उतरवणार नाही. तर क्लेम्झिगही दोन आहेत! त्याचंही १९१७ च्या कायद्याने गाझा झालं होतं, १९३५ मध्ये परत क्लेम्झिग. ओ-बानच्या (अॅडलेडमधल्या खास बसमार्गाच्या) बसने मी रोज त्या स्टॉपवरून ऑफिसला जाते.

तो १८४६ चा मुलगा जर इथल्या क्लेम्झिगचा असेल तर जहाज त्याच्याही आधीचं. मग रजिस्टरची चार वर्षं वाचायची गरजच नाही, १८३८ चं प्रिन्स जॉर्ज, बेंगाली आणि झेब्रा, १८३९ चं कॅथरिना, १८४१ चं स्कयोल्ड, मग जॉर्ज वॉशिंग्टन, मोजकी जहाजं आहेत आणि त्यांच्यावर आधीच्या लोकांनी भरपूर काम करून ठेवलंय. रजिस्टरचा प्लॅन बाजूला. आधी १८४६ चा जन्म. सरकारी नोंदणी १८४२ पासून आहे, पण जर्मन शेतकरी सगळेच नोंदवायला जात असतील असं धरून चालत नाही, त्यामुळे लुथरन आर्काइव्हजमधली बाप्तिस्म्याची रजिस्टरं जास्त भरवशाची. आणि नॅशनल आर्काइव्हजमधला नॅचरलायझेशनचा (नागरिकत्वाचा) अर्ज, जमीन नावावर करायला जर्मन लोक तो करायचे, वसाहतीत किती वर्षं झाली ते त्यात असतं. के आणि आर दोन्हीने मागवणार.

एक शंका मात्र आहे. आत्ता परत बायबलचा फोटो मोठा करून बघितला, टॉर्च बाजूने तिरका धरून काढलेला (समोरून फ्लॅश मारू नका, पिवळ्या कागदावर शाई उडून जाते). कुरेंटमधला यू ओळखायला त्यावर छोटी कमान असते, पहिल्या तिन्ही ओळींत ती कमान अगदी एकसारखी, एकाच टाकाने, एकाच दमात काढल्यासारखी. चौथ्या ओळीत शाई वेगळी आणि हात थोडा थरथरता. म्हणजे पहिल्या तीन नोंदी १८५३ किंवा त्यानंतर एकदम उतरवलेल्या असू शकतात. छपाईचं वर्ष आतल्या पानावर असायला हवं, पण नवीन बांधणीत ते पान कव्हरला चिकटलंय, सासूबाईंनी ते सोडवायला परवानगी दिलीय पण मी हात लावणार नाही, बुकबाइंडरकडेच नेणार.

शनिवारी क्लेम्झिगच्या जुन्या दफनभूमीत जातोय, सासूबाई पण येतायत.