तुम्ही विचारलंत म्हणून: पडणाऱ्या दाताला एवढं काय जपायचं?

"दुधाचाच दात आहे ना डॉक्टर? पडणारच आहे. मग भरायचा कशाला?"

सव्वीस वर्षं दातांचा दवाखाना चालवतेय, आणि हा प्रश्न ऐकला नाही असा आठवडा मला आठवत नाही. आई विचारते, वडील विचारतात. आजी विचारत नाहीत, सांगतातच. खुर्चीत तोंड घट्ट मिटून बसलेलं पोर माझ्याकडे आशेनं बघत असतं, की बाई आता "हो" म्हणतील आणि आपण सुटू. कधी कधी प्रश्नामागे आणखी एक प्रश्न असतो, तोंडावर न विचारलेला: ही पैशासाठी तर सांगत नाही ना? तोही मला ऐकू येतो, आणि लागतो. बाहेर माणसं खोळंबलेली असतात, मी दोन वाक्यांत काहीतरी सांगते, आणि ते कुणालाही पटलेलं नसतं. म्हणून आज सवडीनं सांगते.

तुमचा प्रश्न चुकीचा नाही, हे आधी मान्य करते. दात पडणार आहे हे खरंच. पण कधी? "दुधाचा दात" म्हटलं की सगळ्यांना समोरचा दात दिसतो, सहाव्या-सातव्या वर्षी हलायला लागणारा. दाढांचा हिशेब वेगळा आहे. दुधाची मागची दाढ अडीच-तीन वर्षांपर्यंत येते आणि पडते दहाव्या ते बाराव्या वर्षी. चार वर्षांच्या मुलाची ही दाढ किडली, तर तिला अजून निदान सहा वर्षं त्याचं जेवण चावायचंय. सहा वर्षं म्हणजे त्याच्या आत्तापर्यंतच्या आयुष्यापेक्षा जास्त.

दुसरं असं की दुधाच्या दाताचं इनॅमल, म्हणजे वरचं कडक कवच, पातळ असतं आणि त्या मानानं आतली नस मोठी. मोठ्या माणसाच्या दाढेत कीड जिथे वर्ष-दोन वर्षं रेंगाळेल, तिथे लहान मुलाच्या दाढेत ती काही महिन्यांत नसेपर्यंत पोचते. आणि त्या दाढेच्या मुळांच्या मधोमध, हाडात, तिच्या जागी येणारा कायमचा दात घडत असतो. हे मी एक्स-रेवर बोट ठेवून दाखवते. वर किडलेली दाढ, तिची दोन पसरलेली मुळं, आणि त्यांच्या कवेत अर्धवट तयार झालेला, अजून मूळही न फुटलेला दात. बऱ्याच जणांचा आवाज तिथे बदलतो. सगळ्यांचा नाही.

आता जे सांगायचं टाळत आलेय ते.

माझा दवाखाना सुरू होऊन दीड वर्ष झालं होतं. ती साडेचार वर्षांची होती. खालची उजवी मागची दुधाची दाढ, वर टाचणीच्या डोक्याएवढं काळं भोक. आत पोकळी मोठी असणार हे मला कळायला हवं होतं. वरचं इनॅमल शाबूत दिसतं आणि कीड आतल्या मऊ थरात पसरत जाते, हे परीक्षेत लिहून मी मार्क मिळवले होते. एक्स-रेची फिल्म तोंडात ठेवली तर तिनं ती जिभेनं बाहेर ढकलली. पुन्हा ठेवली तर रडायला लागली. बाहेर पाच जण बसले होते. तिची आई कानकोंडी होऊन म्हणाली, "मॅडम, दुखत तर नाहीये तिला. दुधाचाच आहे ना, पडेल ना?"

मी म्हणाले, "हो, तसा दुधाचाच आहे. दुखलं तर आणा."

ते वाक्य माझं आहे. आज ज्या प्रश्नाचा मला इतका त्रास होतो, त्याला मीच एकदा होकार दिलेला आहे.

पुढे दुखलं. दोन रात्री दुखलं, आईनं ताप-दुखीचं औषध पाजलं, तिसऱ्या दिवशी थांबलं. थांबलं म्हटल्यावर कुणीही बरं वाटलं असंच समजेल. प्रत्यक्षात नस मेली की दुखणं थांबतं, आणि मुळाशी पू साठायला लागतो. हे त्या आईला कोण सांगणार होतं? मीच सांगायला हवं होतं, आणि मी फक्त "दुखलं तर" एवढं म्हणून मोकळी झाले होते.

दोन महिन्यांनी एका सकाळी मी दवाखान्याचं कुलूप काढत होते, तर ती वडिलांच्या खांद्यावर. गाल सुजलेला, पण गालापेक्षा जबड्याखालचा भाग जास्त. कातडी लाल, ताणलेली, चकचकीत. अंग तापलेलं. तोंड एक बोट जाईल इतकंच उघडत होतं, आणि लाळ गिळता येत नसल्यामुळे ती वडिलांच्या शर्टावर ओघळत होती. त्या दिवशी ती रडत नव्हती. मी हनुवटीखाली दोन बोटं ठेवली तर सूज लाकडासारखी कडक लागली. दाताचा पू असा खाली उतरला, जिभेखालची जागा सुजली, तर श्वास कोंडू शकतो. हेही मी परीक्षेत लिहिलं होतं. चिठ्ठी लिहिली, दवाखाना परत बंद केला आणि त्यांच्याबरोबर मोठ्या हॉस्पिटलात गेले.

शिरेतून अँटिबायोटिक, पूर्ण भूल, दाढ काढली, जबड्याखाली चीर देऊन पू बाहेर काढला. पाच दिवस ती तिथे होती. तिसऱ्या दिवशी मी भेटायला गेले तेव्हा आई बाकावर बसली होती. ती ओरडली नाही. म्हणाली, "तुम्ही म्हणाला होतात दुखलं तर आणा. दुखायचं थांबलं होतं हो." यावर काय बोलायचं ते मला सुचलं नाही. आजही सुचत नाही.

गोष्ट तिथे संपली असती तरी पुरे होतं. पण साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे पहिली कायमची दाढ येते. तिच्यासाठी कुठलाही दात पडत नाही, त्यामुळे पुष्कळ घरांत तिलाही दुधाचीच समजतात आणि ती कायमची दाढच किडू देतात. ही दाढ येताना पुढच्या दुधाच्या दाढेला टेकून आपली जागा धरते. हिच्या तोंडात टेकायला काही नव्हतं. दाढ पुढे सरकली. जागा राखायला तारेचं साधन बसवता आलं असतं, पण घरच्यांना तिच्या तोंडात आता काहीच नको होतं, आणि मलाही जोर करायचा धीर नव्हता.

बारा वर्षांची झाल्यावर ती पुन्हा आली. जागा उरली नव्हती म्हणून कायमचा दात आतल्या बाजूला, जिभेकडे उगवला होता. रंग पिवळट तपकिरी, वर खड्डे, कडेचं इनॅमल जवळजवळ नाहीच. दुधाच्या दाताच्या पुवामुळे खालच्या घडत्या दाताचं असं होतं, त्याला आम्ही टर्नरचा दात म्हणतो. तिनं आरशात बघितलं आणि विचारलं, "मी ब्रश नीट करत नव्हते म्हणून का?"

"नाही बाळा, तुझ्या ब्रशमुळे नाही," मी म्हणाले. कशामुळे, ते सांगितलं नाही.

स्वतःची बाजू मी पुष्कळ मांडून पाहिली आहे. त्या दिवशी भरायचं म्हटलं असतं तर ती बसली असती का? भरूनही कदाचित नस गेलीच असती. तेव्हा माझ्याकडे आजची साधनं नव्हती. सगळं खरं आहे. पण पुढची तारीख द्यायला, "दुखलं नाही तरी पंधरा दिवसांनी आणा" म्हणायला कुठलं साधन लागत होतं?

त्यानंतर काही वर्षं मी दुसऱ्या टोकाला गेले. भोक दिसलं की भरलंच पाहिजे, आज आणि आत्ता. आयांना बोलायची, आणि ते बोलणं उपदेशाचं नव्हतं, दरडावणीचं होतं. तीन वर्षांच्या एका मुलाला चौघांनी धरून मी त्याची दाढ पूर्ण केली. काम उत्तम झालं होतं. तो मुलगा वयात आल्यावर एकदा आला, तुटलेल्या दातासह, वर्षभर दुखणं अंगावर काढून. खुर्चीच्या हातावर त्याच्या तळव्यांचे ओले ठसे उमटले होते. त्याला ते काहीच आठवत नाही म्हणाला, फक्त या वासानं पोटात गोळा येतो. त्याची दाढ वाचवली, हे खरं. तिच्या मोबदल्यात काय घेतलं, ते मला त्याच्या तळव्यांवर दिसलं.

म्हणून आता "प्रत्येक दुधाचा दात भराच" असं मी म्हणत नाही. सात वर्षांच्या मुलाचा हलणारा पुढचा दात किडलाय, तर राहू द्या, पडेल. मी बघते ते हे, की दात पडायला किती वर्षं आहेत, कीड नसेच्या किती जवळ आहे, रात्री दुखतं का, हिरडीवर पुळी आहे का. पुळी न दुखणारी असली तरी ती पुवाचीच वाट असते. काही दाढांवर कीड न कोरता, इंजेक्शन न देता स्टीलची तयार टोपी बसवता येते; कीड आत कोंडली जाते, तिला खाद्य मिळत नाही. काहींना सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड नावाचा द्रव लावून कीड थांबवता येते. मिनिटभराचं काम, ड्रिल नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 2021 मध्ये ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. पण त्यानं किडलेली जागा कायमची काळी पडते, आणि काळा डाग बघून घरचे नको म्हणतात. मी समजावते, पण त्यांनाही मी चूक म्हणू शकत नाही. ते मूल उद्या वर्गात हसणार असतं.

आणि खरं सांगू? दवाखान्यात येईपर्यंत पुष्कळ उशीर झालेला असतो. घरी काय करायचं ते मला विचारायला क्वचितच कुणी येतं. झोपेत लाळ कमी होते. दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपलेल्या बाळाचं दूध वरच्या पुढच्या दातांभोवती रात्रभर साचून राहतं. कीड तिथूनच सुरू होते, खालचे पुढचे दात जिभेच्या आडोशानं बहुधा वाचतात. सुरुवात काळी नसते, पांढरी असते: हिरडीलगत खडूनं ओढल्यासारखी रेघ. महिन्यातून एकदा उजेडात बाळाचा वरचा ओठ उचलून बघा. त्या पांढऱ्या रेघेवर फ्लोराइडनं दात परत घट्ट होऊ शकतो. खड्डा पडला की नाही.

पहिला दात दिसला की ब्रश. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट, पुढे सहापर्यंत वाटाण्याएवढी. थुंकायचं, पण पाण्यानं खळखळून चूळ भरायची नाही, नाहीतर फ्लोराइड वाहून जातं. आणि सात-आठ वर्षांपर्यंत ब्रश मोठ्यांनी करायचा. "त्याचा तो करतो" हे मी अभिमानानं सांगितलेलं ऐकते, आणि त्याच मुलाच्या मागच्या दाढांवर पांढरा थर बघते. मुलाचं मनगट अजून तेवढं वळत नाही.

गोडाबद्दल मला लोक विचारतात, किती चालेल? मी विचारते, किती वेळा? दर गोड घासानंतर तोंडात आम्ल तयार होतं आणि लाळेला ते निवळायला अर्धा-पाऊण तास लागतो. जेवणानंतर एकदाच पोटभर गोड खाल्लं तर दात सावरतात. तेवढंच गोड दिवसभर थोडं थोडं चघळलं, गोड पेयाची बाटली हातात धरून घोट घोट प्यायलं, तर त्यांना सावरायला वेळच मिळत नाही. आयांवर ढकलायला हे सांगत नाहीये. रात्री तिसऱ्यांदा उठलेल्या बाईला बाटली हा एकच आधार असतो, हे मला माझ्या मुलाच्या वेळी कळलं. मीही एकदा दिली आहे, हे सगळं माहीत असून.

मागच्या आठवड्यात एका आजोबांनी विचारलं, "दुधाचाच ना? पडेलच की." नातू पाच वर्षांचा. दाढेत भोक होतं, एक्स-रेत नस अजून लांब. ड्रिल बघून त्याचे डोळे मोठे झाले. मी ड्रिल परत ठेवला. द्रव लावला, काळं होईल ते आधी आजोबांना आणि मग त्यालाही सांगितलं, आणि आज आणखी काही करायचं नाही असं ठरवलं.

ते उठायला लागले, आणि मला साडेचार वर्षांची ती मुलगी आठवली. मीही "बघू" म्हणूनच सोडलं होतं तिला. आजचं "बघू" वेगळं आहे अशी माझी खात्री आहे का? नाही. मी आजोबांना थांबवलं, कार्डावर तीन आठवड्यांनंतरची तारीख माझ्या हातानं लिहिली, आणि खाली लिहिलं: दुखलं नाही तरी यायचं. दुखून थांबलं तर त्याच दिवशी यायचं. आजोबांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. विचारलं, "दुखायचं थांबलं तर का?"

मग मी त्यांना परत खुर्चीत बसवलं.