लाटण्यावरच्या बांगड्या

रविवार, रात्री

दवाखान्यातल्या फिजिओच्या खोलीसाठी वर्गणी मागत फिरतेय. आज बेळगावातलं वडगाव आणि खासबाग झालं. पाय भरून आलेत, पण पावतीपुस्तकातली १७ पानं फाटली, म्हणून झोपायच्या आधी लिहायला बसले.

या गावाला वर्गणी नवी नाही. १९०५ साली झेंडा चौकात टिळकांनी गणपती बसवला, तेव्हापासूनची सवय आहे. "दवाखान्यातल्या पोरांसाठी" म्हटलं की हात खिशात जातो. मग विचारतात, औषधाला का? नाही, झोपाळा, मोठा चेंडू आणि बॅलन्स बोर्ड घ्यायचाय, असं सांगितलं की हात तिथंच थांबतो. एक आजोबा म्हणाले, "खेळण्याला कशाला वो पैसे? व्हीलचेअर मागा, देतो की."

मला राग आला नाही. दोन वर्षांपूर्वी मीही हेच म्हटलं असतं.

माझ्या धाकट्याला सेरेब्रल पाल्सी आहे. डावा हात आखडलेला, अंगठा मुठीत. मेंदूला झालेली इजा वाढत नाही, पण भरूनही येत नाही. लहानपणी मात्र मेंदू नव्या वाटा शोधतो, आणि त्यासाठी तीच हालचाल पुन्हा पुन्हा, शेकडो वेळा व्हावी लागते. चार वर्षांच्या पोराला "हात उचल" असं शंभरदा सांगून बघा. दहाव्यांदा तो रडतो, पंधराव्यांदा मी.

फिजिओच्या खोलीत त्याच्या उजव्या हातावर मोजा चढवतात, म्हणजे काम डाव्यालाच करावं लागतं. समोर खुंटी आणि रंगीत रिंगा. शेजारचं पोर कन्नड घरातलं, म्हणून मॅडम "ओंदु, एरडु, मूरु" असं मोजतात आणि आमचाही तसंच मोजतो. त्या दिवशी पिवळी रिंग खुंटीच्या टोकापर्यंत नेताना त्याचा अंगठा मुठीतून हळूच बाहेर आला. मी श्वास धरून बसले होते. त्याला त्याचं काहीच नव्हतं, त्याला फक्त रिंग घालायची होती. वेळ संपली तेव्हा अजून खेळायचं म्हणून रडला.

पण मोठा चेंडू एकच आहे. खानापूरकडची एक आई रोजगार बुडवून, पहाटेची एसटी धरून मुलीला आणते. गुरुवारी चेंडूवर मुलीची पाळी यायच्या आधीच तिची परतीची गाडी निघायची वेळ झाली. तिचा तो चेहरा डोळ्यांसमोरून जात नाही.

वडगावात एका मागवाल्या आजींनी सगळं नीट ऐकून घेतलं. म्हणाल्या, "मागाची पावडी पायानं मारून मारूनच पायाला कळतंय की. पोरांचंबी तसंच असणार." २०० रुपये दिले आणि पावतीवर 'झोपाळ्यासाठी' असं मुद्दाम लिहून घेतलं.

आजचे ६,३५०. झोपाळ्याला अजून कमी पडतात.

उद्या संध्याकाळी शहापूर. जाताना त्या आजोबांकडं परत थांबणार आहे. घरी आम्ही लाटण्यावर जुन्या बांगड्या घालायचा खेळ खेळतो, ते लाटणं आणि बांगड्या पिशवीत टाकल्यात. आजोबांना म्हणणार, डाव्या हातानं घाला, शंभर वेळा.