खोडलेला शब्द

मंगळवार, रात्र

आज एक शब्द खोडल्यामुळे माझी चांगलीच फजिती झाली, आणि चूक तो शब्द लिहिणाऱ्याची नव्हती, माझी होती.

कार्यालयातून बाहेर जाणारे इंग्रजी अहवाल शेवटी माझ्या नजरेखालून जातात. आजच्या अहवालात, कामाला किती दिवस लागतील ते दाखवणाऱ्या तक्त्यात, एका तरुण सहकाऱ्याने ‘गेस्टिमेट : ४० दिवस’ असे लिहिले होते. गेस आणि एस्टिमेट यांना एकत्र कोंबून केलेला हा शब्द मला पाहुण्यांसमोर बनियनवर आलेल्या माणसासारखा वाटला. मी त्यावर रेघ मारली, वर ‘एस्टिमेट’ लिहिले आणि पान उलटले. दुपारच्या बैठकीत साहेबांनी नेमके त्याच ओळीवर बोट ठेवले. हे चाळीस दिवस कशाच्या आधारे काढले, माणसे किती धरली, सुट्ट्या वजा केल्या का, असे एकामागून एक प्रश्न येऊ लागले आणि सहकारी माझ्याकडे पाहत राहिला. त्याने हिशेब केलेलाच नव्हता. मागच्या दोन कामांचा अनुभव आठवून त्याने अदमासे एक आकडा टाकला होता आणि तसे प्रामाणिकपणे लिहिलेही होते. एस्टिमेट म्हटले की मागे काहीतरी आकडेमोड आहे, असे वाचणारा गृहीत धरतो. ती न केलेली आकडेमोड माझ्या लाल शाईने त्याच्या नावावर चढवली होती. बदल मी केला हे मी तिथेच सांगितले. पण बाहेर आल्यावर तो शांतपणे म्हणाला, “मॅडम, एस्टिमेट हा शब्द मला माहीत होता,” तेव्हा मला उत्तर सुचले नाही.

रात्री कोश उघडून बसले. गेस्टिमेट हा १९३० च्या दशकातला अमेरिकी शब्द निघाला. मी त्याला परवाचे पोर समजत होते आणि तो वयाने माझ्याहून मोठा! मग मागच्या महिन्यात ‘फार बोलीतला’ म्हणून खोडलेला ‘डूएबल’, म्हणजे करता येण्याजोगा, शोधला, तर तो पंधराव्या शतकापासून इंग्रजीत आहे. त्यानंतर आणखी शब्द शोधण्याचा माझा उत्साह थोडा ओसरला.

मात्र एक प्रश्न सुटेना. नवा घडवलेला शब्द आपल्या कानाला खटकतो, तो त्याच्या घडणीमुळे की केवळ ओळख नसल्यामुळे? घडण हे कारण असते, तर ‘एडिट’ हा शब्दही खटकायला हवा होता, कारण ‘एडिटर’ हा शब्द आधी आला आणि त्याची शेपटी कापून क्रियापद मागाहून तयार झाले. ‘एन्थ्यूझियाझम’ म्हणजे उत्साह, त्यावरून ‘एन्थ्यूज’, म्हणजे उत्साह दाखवणे, अगदी त्याच रीतीने झाला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून तो वापरात आहे, तरीही चोखंदळ इंग्रजी लिहिणारे अजून त्याला पाहून नाक मुरडतात. घडण एकच, पण एकाला पाट मिळाला आणि दुसरा अजून उंबऱ्यावर उभा आहे. १७१० मध्ये ‘गलिव्हर’च्या सफरी लिहिणाऱ्या जोनाथन स्विफ्टने ज्या नव्या शब्दांवर तोंडसुख घेतले, त्यांत ‘मोबिले वुल्गुस’ या लॅटिन शब्दप्रयोगाला छाटून केलेला ‘मॉब’ होता. आज जमावाला मॉब म्हणताना कोणाची जीभ अडखळत नाही. स्विफ्टसारख्याची जिथे ही गत, तिथे माझ्या लाल शाईने कोणता शब्द थांबणार होता?

मग कोशात आहे तो शब्द चालतो आणि नाही तो चालत नाही, असे म्हणावे का? ते म्हणायला मन घेत नाही, कारण मला ‘डोर्ड’ आठवतो. वेबस्टरच्या १९३४ च्या मोठ्या कोशात ‘डोर्ड’ या शब्दाचा अर्थ ‘घनता’ असा छापला गेला होता. मुळात ती एक चिठ्ठी होती आणि ‘मोठा डी किंवा छोटा डी, म्हणजे घनता’ एवढेच त्या संक्षेपाविषयी तिच्यावर लिहिलेले होते. मधला ‘किंवा’, म्हणजे इंग्रजीतला ‘ऑर’, दोन्ही अक्षरांना चिकटला आणि शब्द जन्माला आला. १९३९ मध्ये एका संपादकाला त्याची व्युत्पत्ती दिलेली दिसली नाही, तेव्हा हा घोळ उघडकीस आला. पाच वर्षे तो शब्द कोशात ऐटीत बसून होता आणि कोणाच्या तोंडी मात्र नव्हता.

म्हणून कोशापेक्षा मी आता वेगळीच गोष्ट पाहणार आहे : हा शब्द काढून तिथे सभ्य शब्द घातला, तर अर्थातले काही सांडते का? ‘इररिगार्डलेस’ काढून त्याच अर्थाचा, म्हणजे ‘पर्वा न करता’ अशा अर्थाचा, ‘रिगार्डलेस’ लिहिले तर काहीही सांडत नाही. उलट एक फुकटचा नकार कमी होतो, त्यामुळे तो मी यापुढेही बिनदिक्कत खोडणार. ‘जायगँटिक’ आणि ‘इनॉर्मस’ यांना जोडून केलेला ‘जायनॉर्मस’, म्हणजे अवाढव्य, मित्राच्या निरोपात खुशाल असावा, तिथे त्यातला मिश्कीलपणा हवाच असतो. पण नुकसानीच्या वर्णनात तो आला तर लिहिणारा हसतो आहे असे वाटेल. ज्याची इंग्रजी दुसरी किंवा तिसरी भाषा आहे, अशा वाचकाचाही विचार करायला हवा, कारण त्याला ‘गेस्टिमेट’पाशी थांबावे लागेल. तरीही थांबून तो जो अर्थ लावेल तो खरा असेल. माझ्या ‘एस्टिमेट’पाशी आज कोणीही थांबले नाही आणि सगळ्यांचा गैरसमज झाला.

‘रफ एस्टिमेट’ लिहावे असेही क्षणभर वाटले. पण त्यातही ढोबळ का होईना, हिशेब केल्याचा दावा राहतोच.

साहेबांनी परवापर्यंत रीतसर आकडेमोड मागितली आहे, आणि सहकाऱ्यासोबत ती करायला मी स्वतः बसणार आहे. तोपर्यंत अहवालाच्या प्रतीत मी ‘गेस्टिमेट’ होता तसा परत लिहिला आहे, या वेळी काळ्या शाईने.